कळीतला पीळ : जास्वंदीच्या एका चित्राचं प्रकरण

लाल एकेरी जास्वंदीची एक फांदी, आकार प्रत्यक्षाएवढा, हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाच्या कागदावर, जलरंगात. फांदीवर पूर्ण उमललेलं एक फूल, पाच पानं आणि वेगवेगळ्या वयाच्या तीन कळ्या. पहिल्यांदा काढलं तेव्हा या चित्राला नऊ दिवस लागले. त्यातले सात दिवस फूल आणि पानं यांनीच खाल्ले आणि कळ्या उरल्यासुरल्या वेळात झाल्या. तेव्हा त्यात मला काही खटकलं नव्हतं. फूल मोठं, अवघड, सगळ्यांची नजर जाणारं; कळ्या म्हणजे सोबतीला.

चित्र पूर्ण झालं की ते बाईंसमोर ठेवायचं, हा माझा नेम. बाईंनी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलंय. त्यांनी कागद उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "फूल छान उमललंय गं. पण ते या तिन्हींपैकी कुठल्याच कळीतून निघालेलं नाही."

मी विचारलं, "बाई, रंग चुकलाय का?"

"रंगाचं मला विचारू नकोस. कळी कापून बघितलीस का?"

नव्हती बघितली. पुढचे तीन आठवडे त्या प्रश्नात गेले. त्या तीन आठवड्यांत काय काय सापडलं आणि चित्र दुसऱ्यांदा कसं झालं, ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण वनस्पतिचित्रण शिकणाऱ्या बहुतेकांच्या चित्रांत कळ्यांची हीच गत झालेली मी पाहते.

पहिल्या चित्रात काय होतं

आधी चुका. मोठी कळी, म्हणजे दुसऱ्या दिवशी उमलणारी, मी लांबट लाल शंकूसारखी काढली होती. पाकळ्या दाखवायच्या म्हणून खालून टोकापर्यंत दोन सरळ गडद रेघा ओढल्या होत्या, मिटलेल्या छत्रीच्या घड्यांसारख्या. मधली कळी म्हणजे तीच कळी लहान करून. सगळ्यात लहान कळी हिरवी, गोलसर, एका बाजूला छाया आणि दुसऱ्या बाजूला पांढरा ठिपका.

निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी हिरवी दलं, पाच असतात हे माहीत होतं, म्हणून मोठ्या कळीच्या बुडाशी पाच हिरवे त्रिकोण लावले होते. खरं तर जास्वंदीची निदलं खाली एकमेकांना जुळून घंटेसारखा पेला करतात आणि फक्त वरची टोकं सुटी असतात. माझे त्रिकोण बुडापर्यंत सुटे होते. त्या पेल्याखाली अरुंद हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक वर्तुळ असतं, त्याला एपिकॅलिक्स म्हणतात. त्या पट्ट्याही मी पाचच काढल्या, निदलं पाच म्हणून. झाडावर जाऊन मोजल्या तर त्या कळीला सात निघाल्या. शेजारच्या कळीला सहा.

आणि देठ. जास्वंदीच्या फुलाच्या देठावर, कळीच्या थोडं खाली, एक सांधा असतो. तिथे देठ किंचित जाड होतो, पेरासारखी बारीक कड दिसते. कळी गळते ती तिथूनच, वरचा तुकडा अलगद निखळतो. माझा देठ खालपासून वरपर्यंत एकसारखा गुळगुळीत होता. सांधा दिसायला एवढासा, पण जास्वंद ओळखणाऱ्या माणसाला तो नसलेला लगेच कळतो.

या सगळ्या चुकांचं मूळ एकच. फुलाकडे मी तासन्‌तास पाहिलं होतं. कळीकडे मात्र तिला आकार आहे एवढंच गृहीत धरून पाहिलं होतं. आत काय आहे हे माहीत नसलं की हात बाहेरची रेघ काढतो आणि थांबतो.

कळी कापल्यावर

नवं ब्लेड घेतलं. जुन्या ब्लेडनं पाकळ्या चेपतात आणि मग काहीच कळत नाही. उमलायला एक दिवस असलेली कळी मधोमध आडवी कापली आणि दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली.

चकती दिसली ती भिरभिऱ्यासारखी. पाच पाकळ्या, प्रत्येकीची एक कड बाहेर आणि दुसरी कड शेजारणीच्या खाली सरकवलेली. कुठलीही पाकळी पूर्ण आत नाही, कुठलीही पूर्ण बाहेर नाही. मधोमध पुंकेसरांची नळी आणि तिच्याभोवती दाटीवाटीनं बसलेले पिवळे परागकोश. कुठेही मोकळी जागा नव्हती. कापल्यानंतर मिनिटाभरात पाकळ्यांच्या कडा हळूहळू बाहेर सरकू लागल्या, इतका आत दाब होता.

मग दुसरी कळी उभी कापली आणि तिसरीच्या पाकळ्या एकेक करून सोलल्या. तिसऱ्या कळीनं सगळ्यात जास्त शिकवलं. कळीच्या पृष्ठभागावर जे लाल दिसतं ते प्रत्येक पाकळीचा फक्त एक पट्टा असतो, बाकीची पाकळी शेजारणीखाली दडलेली. हे पट्टे सरळ उभे नसतात. ते बुडापासून टोकाकडे तिरपे चढत जातात, पिळलेल्या दोरीच्या पेडांसारखे. समोरून पाहिलं तर एका वेळी दोन, फार तर तीन पट्टे दिसतात. म्हणजे मी ओढलेल्या दोन सरळ रेघा अशा कळीच्या होत्या जी अस्तित्वातच नाही.

निदलांचं गणित याच्या उलट. लहान हिरवी कळी कापली तेव्हा दिसलं की निदलांच्या कडा एकमेकींवर चढत नाहीत, फक्त एकमेकींना टेकतात. त्यामुळे हिरव्या कळीवर पाच उभ्या शिवणी असतात आणि त्या सरळ टोकाला जाऊन मिळतात. एकाच कळीत बाहेरचा पेला सरळ शिवणीचा आणि आतली गुंडाळी पिळाची. हा फरक पेन्सिलीनं आला की अर्धी कळी झाली, असं मी आता समजते.

वेळ कुणासाठी थांबत नाही

जास्वंदीचं फूल साधारण एक दिवसाचं. त्याआधीच्या चोवीस तासांत कळी इतक्या झपाट्यानं वाढते की सकाळी काढलेली बाह्यरेषा संध्याकाळी जुळत नाही. पहिल्या चित्रात मी मोठी कळी दुपारी रेखाटली आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कळीकडे बघून रंगवली. त्या कळीचा पेला पहिलीपेक्षा रुंद होता. म्हणूनच माझ्या चित्रात लाल भाग पेल्यातून वर आल्यासारखा न दिसता पेल्यावर ठेवल्यासारखा दिसत होता.

आपल्या कलेत ही अडचण जुनीच आहे. वनस्पतिचित्रकार फर्डिनांड बाउर १८०१ ते १८०३ या काळात इन्व्हेस्टिगेटर जहाजावरून ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानं फिरला, तेव्हा समोर आलेली प्रत्येक वनस्पती रंगवत बसायला त्याला वेळ नव्हता. तो पेन्सिलीच्या रेखाटनावर जागोजागी आकडे लिहायचा. प्रत्येक आकडा म्हणजे एक ठरलेली छटा. अशा सुमारे १००० छटा त्याच्या पद्धतीत होत्या. चित्रं रंगली ती पुढे, युरोपात परतल्यावर. आणि इंग्लिश वनस्पतिचित्रकार मार्गारेट मी (Mee) यांनी १९८८ मध्ये ॲमेझॉनच्या पुराच्या जंगलात एका निवडुंगाची कळी रात्री उमलताना रेखाटली. ते फूल एका रात्रीपुरतंच असतं. असं काम करायचं तर आपण आधीच तयार होऊन बसावं लागतं.

मी बाउरची पद्धत माझ्यापुरती घेतली. दुसऱ्या वेळी झाड कुंडीतच ठेवलं, फांदी तोडली नाही. खिडकीचा उजेड डावीकडून, वरून येईल अशी कुंडी लावली. या कलेत बहुतेक चित्रांत प्रकाश वरून डावीकडून घेतात, त्यामुळे ते सोयीचंही पडलं. मोठी कळी आधी घेतली, कारण तिलाच सगळ्यात कमी वेळ होता. डिव्हायडरनं तिची मापं तासाभरात उतरवली : पेल्याची रुंदी, लाल भागाची लांबी, सगळ्यात फुगीर जागा टोकापासून किती खाली, सांधा पेल्यापासून किती खाली. मग रेखाटनावर आकडे टाकले आणि वेगळ्या पट्टीवर त्या त्या आकड्याची छटा रंगवून ठेवली. दुसऱ्या दिवशी फूल उमललं, तोवर माझ्याकडे त्या कळीचं सगळं होतं. रंगवताना झाडावरची त्याच वयाची दुसरी कळी फक्त रंगाच्या खात्रीसाठी समोर ठेवली.

यातून माझा एक नियम झाला. माप एका कळीचं आणि रंग दुसरीचा चालतो. पीळ मात्र कधीही दोन कळ्यांचा मिसळायचा नाही.

पिळाची दिशा

हा नियम का झाला ते सांगते. नवीन रेखाटनांत मोठ्या कळीचे पट्टे उजवीकडे चढत होते आणि मधल्या कळीचे डावीकडे. मला वाटलं, ट्रेसिंग पेपर उलटा पडला. एका कळीचं रेखाटन खोडून पुन्हा काढायला बसले होते. खोडरबर हातात होता, पण आधी झाडाकडे जाऊन बघावं असं वाटलं.

झाडावर दोन्ही होत्या. एकाच फांदीवर, वीतभर अंतरावर, एक कळी उजव्या पिळाची आणि एक डाव्या. मग दिसेल त्या कळीचं टोक वरून बघत गेले; दोन्ही दिशा जवळपास सारख्याच भरल्या. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, जास्वंदीच्या कुळाचं हे जुनं माहीत असलेलं वैशिष्ट्य आहे. या कुळात पिळाची दिशा ठरलेली नसते, एकाच झाडावर दोन्ही सापडतात.

"पण हे सगळीकडे लावू नकोस," त्या म्हणाल्या. "सदाफुलीची कळी आणि कण्हेरीची कळी शेजारी ठेवून बघ."

बघितल्या. दोन्ही एकाच कुळातल्या, दोघींच्याही पाकळ्या पिळलेल्या, पण पीळ एकमेकींच्या उलट. आणि सदाफुलीच्या झाडावर कितीही कळ्या बघितल्या तरी सगळ्यांचा पीळ एकाच बाजूचा. म्हणजे जास्वंदीत ट्रेसिंग उलटं पडलं तर निदान जगात कुठेतरी तशी कळी सापडेल. सदाफुलीत ते उलटं पडलं तर चित्र चुकलं, आणि कुंचल्याचं कसब त्याला वाचवू शकत नाही. तेव्हापासून ट्रेसिंग पेपरच्या वरच्या कोपऱ्यात मी एक अक्षर लिहून ठेवते. ते सरळ वाचता आलं तरच रेखाटन कागदावर उतरवायचं.

लाल रंगाचं काम

लाल कळी सपाट का दिसते, याचं एक कारण लाल रंगातच आहे. भडक लाल डोळ्याला इतका उजळ वाटतो की त्याची गडदता आपल्या लक्षात येत नाही. फोटोवरून काम करणाऱ्यांची तर आणखी फसगत होते, कारण कॅमेऱ्यात लाल रंग चटकन भरून जातो आणि पाकळीवरचे सगळे उतारचढाव एका रंगात बुडतात. म्हणून रंगाला हात लावण्याआधी मोठ्या कळीचा फक्त पेन्सिलीनं छायाभ्यास केला. त्यात दिसलं की कळीचा मधला, सगळ्यात 'लाल' भाग चांगला गडद आहे आणि छाया त्याहून थोडीच गडद. पहिल्या चित्रात मी मधला भाग फार फिका ठेवून छाया काळपट केली होती.

रंग असे घेतले. मूळ लालसाठी क्विनॅक्रिडोन रोझ, म्हणजे पीव्ही १९ (हा रंगाच्या नळीवरचा रंगद्रव्याचा क्रमांक), आणि त्यात पायरोल स्कार्लेट, पीआर २५५. छायेसाठी पेरिलिन व्हायोलेट, पीव्ही २९. अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, जास्वंदीच्या छायेला सुंदर दिसतो, पण तो उजेडात उडतो. जे चित्र नोंद म्हणून राहावं असं वाटतं त्यात मी तो वापरत नाही. हिरव्यासाठी पारदर्शक पिवळा, पीवाय १५०, आणि फ्रेंच अल्ट्रामरीन. त्यात छायेच्या जागी वरच्याच लालचा एक थेंब, म्हणजे पेला आणि पाकळ्या एकाच झाडाच्या वाटतात.

पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा थर, ओल्या कागदावर, फिका निळसर जांभळा, फक्त चमकणाऱ्या जागी. तो वाळल्यावर प्रत्येक पट्टा वेगळा रंगवला. एक पट्टा ओला असताना शेजारच्याला हात लावायचा नाही, मधला एक सोडून पुढचा घ्यायचा. ही शिस्त कंटाळवाणी आहे, पण पिळाच्या कडा तिच्यामुळेच टिकतात.

आता शिवणीबद्दल, कारण सगळं प्रकरण शेवटी तिथे येऊन ठेपतं. दोन पट्ट्यांमधली शिवण ही रेघ नसते, ती एका पाकळीच्या जाडीची पायरी असते. वरच्या पाकळीची कड उजेड घेते, म्हणून ती केसभर फिकी ठेवायची. तिच्याखाली लगेच खालच्या पाकळीवर बारीक पडछाया असते. ती कडेला लागून गडद आणि पुढे विरत जाणारी. म्हणजे शिवणीची एक बाजू धारदार आणि दुसरी मऊ. मी चार नंबरच्या सेबल ब्रशनं गडद रंग कडेशी लावायचे आणि दुसऱ्या, नुसत्या दमट ब्रशनं त्याची बाहेरची बाजू लगेच ओढून घ्यायचे. चमकही पट्ट्यागणिक तुटते. कळीवरून ती सलग खाली येत नाही, प्रत्येक पायरीवर किंचित सरकते. हे सरकणं दाखवलं आणि कळी पहिल्यांदा गोल दिसली.

त्यावर पेल्याच्या टोकांची पडछाया. निदलांची पाच टोकं लाल भागाला घट्ट चिकटलेली नसतात, मध्ये अगदी थोडी फट असते. त्या टोकांखाली, उजव्या बाजूला, लालवर पेरिलिन व्हायोलेटची एक पातळ छाया टाकली आणि लाल भाग पेल्यातून वर आला. पहिल्या चित्रात नेमकी हीच जागा कोरडी होती.

एक नुकसानही झालं. मधल्या कळीच्या एका शिवणीवर मी चौथ्यांदा रंग लावला, मग तो जास्त वाटला म्हणून ओल्या ब्रशनं उचलायला गेले. क्विनॅक्रिडोन कागदात मुरतो, उचलला जात नाही. रंग तिथेच राहिला आणि कागदाचा मात्र पापुद्रा उठला. उठलेल्या कागदावर कुठलाही वॉश नीट बसत नाही, कडा फुटतात. दोन दिवस मी ती जागा ड्राय ब्रशनं, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशनं, झाकायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी पूर्ण कागद बाजूला ठेवून नवा घेतला. फूल आणि पानं तोवर झालेली नव्हती, कारण या वेळी कळ्या आधी घेतल्या होत्या. तो क्रम ठेवला नसता तर त्या कळीसाठी फुलाचे सात दिवस गेले असते, किंवा, खरं तर, मी ती कळी तशीच ठेवली असती.

हिरवी कळी

दुसरं चित्र बाईंसमोर ठेवलं. त्यांनी मोठ्या कळीच्या पट्ट्यांवरून कागदाला न लावता बोट फिरवलं, एपिकॅलिक्सच्या पट्ट्या मोजल्या, देठावरच्या सांध्यापाशी थांबल्या. मग सगळ्यात लहान कळीकडे बघून म्हणाल्या, "हिच्यात काहीतरी आहे असं वाटत नाही अजून."

त्यांचं बरोबर होतं. हिरव्या कळीच्या शिवणी मी सरळ काढल्या होत्या, पण शिवणींमधला भाग सपाट ठेवला होता. झाडावर बघितलं तर आतला पीळ वाढत असल्यानं प्रत्येक निदल मधोमध फुगलेलं असतं आणि शिवणीच्या जागी किंचित दबलेलं. भिंगातून निदलावर लव दिसते, साधी नाही. एका बिंदूतून अनेक बाजूंना फुटलेले केस, चांदणीसारखे. ते सुटे काढण्याइतके मोठे नसतात, पण त्यांच्यामुळे निदलाची चमक धुरकट होते. लाल भागासारखी झळझळीत चमक दिली तर निदल प्लॅस्टिकचं दिसतं, आणि मी तीच दिली होती. दमट ब्रशनं चमकेच्या कडा मऊ केल्या. हा हिरवा रंग सुदैवानं उचलला गेला. मग प्रत्येक निदलाच्या दोन्ही कडांना, शिवणीलगत, अगदी पातळ छाया चढवली. तीन बैठका लागल्या.

चित्राच्या पाठीमागे मी पेन्सिलीनं नोंदी लिहिते. या चित्रामागे तिन्ही कळ्यांच्या पिळाची दिशा लिहिली : मोठी उजवा, मधली डावा. हिरव्या कळीपुढची जागा कोरी सोडली होती. पेला बंद असताना आतला पीळ कापल्याशिवाय कळत नाही, आणि ती मला कापायची नव्हती. ती झाडावर राहिली. ती उमलली त्या सकाळी पाकळ्यांच्या कडा बघून घेतल्या आणि मग चित्र उलटं करून त्या जागी लिहिलं : डावा.